आईनं टॅटिंगमध्ये मणी घातले

टॅटिंगमध्ये मणी घालणाऱ्या बायकांबद्दल माझं मत पहिल्यापासून वाईट आहे आणि ते मी कधी लपवलेलं नाही. रत्नागिरीत हस्तकलेचं प्रदर्शन भरलं की मी मुद्दाम जाते. अर्धं टेबल मण्यांच्या टॅटिंगनं भरलेलं असतं. कानातली, गळ्यातली, मोबाइलला लटकवायची झुंबरं. मी एखादं उचलते, उलटं करते आणि जागच्या जागी ठेवून देते. मांडून बसलेल्या बाईला एवढंही पुरतं, तिचा चेहरा पडतो.

ज्यांना टॅटिंग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, ही दोऱ्याला हातानं गाठी मारून केलेली लेस. बोटभर लांबीचं, होडीच्या आकाराचं एक शटल असतं, त्यात दोरा गुंडाळलेला. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोऱ्याचा फास घ्यायचा, शटल त्याच्या वरून-खालून न्यायचं आणि गाठ मारायची. गाठीशेजारी गाठ, अशा वीसेक गाठी झाल्या की दोरा ओढायचा. फास मिटतो आणि एक कडी तयार होते. कडीला कडी जोडून फूल करायला मध्ये मध्ये दोऱ्याचा छोटा कान सोडलेला असतो. पुस्तकात त्याला पिको म्हणतात, आमच्या घरात कानच म्हणायचे. मिटलेली कडी सहसा उघडत नाही. चूक झाली की कात्री घ्यायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

मणी घालायचे तर ते सगळे आधी दोऱ्यात ओवून मग दोरा शटलवर गुंडाळावा लागतो. कडी मिटल्यावर राहिलेला मणी मागाहून घालता येत नाही. म्हणजे काम किचकट आहे, हे मला मान्य. पण किचकट काम म्हणजे चांगलं काम नव्हे. मणी आले की बघणाऱ्याची नजर मण्यांवर जाते आणि गाठी कशाही पडल्या तरी खपतात. झाकली मूठ सव्वा लाखाची, त्यातला प्रकार. साध्या पांढऱ्या टॅटिंगला असं लपायला जागा नसते. एक गाठ सैल पडली तर ती मरेपर्यंत तुमच्याकडे बघत राहते.

ही माझी मतं मला आईकडून आली. आई मुलींच्या शाळेत असताना हस्तकलेच्या बाईंकडून टॅटिंग शिकली आणि साठ वर्षं तिनं पांढऱ्या दोऱ्याशिवाय दुसरा दोरा हातात धरला नाही. मला तिनं आठव्या वर्षी शिकवलं. माझी पहिली बारा फुलं तिनं कात्रीनं कापली, एक शब्द न बोलता. तेराव्याला नुसतं हं म्हणाली. शेजारच्या एका बाईनं एकदा विचारलं होतं, रुमालाच्या कडेला मणी का लावत नाही, तर आई म्हणाली होती, मणी गळ्यात शोभतात, रुमालाला नाय. ती बाई परत आली नाही.

आईचं घर मांडवीत, समुद्रापासून पाच मिनिटांवर. तीन खोल्या, पुढे पडवी, मागे विहीर. बाबा गेल्यावर ती तिथे एकटी राहिली. मी मारुती मंदिराकडे राहते, रिक्षानं दहा मिनिटं, त्यामुळे आठवड्यातून चार-पाच फेऱ्या होत. दादा ठाण्याला. त्याची मोठी नोकरी, अकराव्या मजल्यावर फ्लॅट, आणि सगळ्या गोष्टींवर एकेक उपाय. आईवरचा उपाय म्हणजे तिला ठाण्याला नेणं. बाबांच्या वर्षश्राद्धाला त्यानं हा विषय काढला तेव्हा आईनं त्याला सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "माझं मला दिसतंय तोवर मी ह्या घरातून हलणार नाय. दिसायचं बंद झालं की ने, मी नाय म्हणणार नाय."

तिनं ते विषय संपवायला म्हटलं होतं. दादानं करारावर सही झाल्यासारखं धरलं. तेव्हापासून दर रविवारी त्याचा फोन यायचा. लोकांची मुलं विचारतात, आई कशी आहेस. आमचा दादा विचारायचा, डोळे कसे आहेत. मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली तेव्हा तर दिवसातून दोनदा विचारायचा. त्या काळजीत मला नेहमी एक घाई ऐकू यायची, आणि मी ती आईला बोलूनही दाखवायची. आई म्हणायची, जाऊ दे गो, विचारतोय एवढंच पुष्कळ. एका गणपतीत त्यानं बैठकीच्या खोलीत कॅमेरा लावून दिला, म्हणजे त्याला ठाण्यात बसून आई दिसावी. तो गेल्यावर आईनं कॅमेऱ्यावर टॅटिंगचा गोल रुमाल घातला. धूळ बसते, म्हणाली.

मग दोनेक वर्षांपूर्वी एक दिवस मी गेले तर टेबलावर नवा रुमाल, आणि त्यात मणी. लाल, हिरवे, पिवळे, निळे, मधेच एखादा चॉकलेटी. कशाला काही धरबंध नाही. मला वाटलं कोणी भेट दिला असेल, म्हणून मी बेधडक म्हटलं की ही जत्रेतल्या बैलाची झूल कुठून आली. आई म्हणाली, मी केली. मला हसूच आवरेना. आई, तू, मणी, असं काहीतरी मी म्हणत राहिले. ती शांतपणे शटल चालवत होती. आता मला रंग आवडायला लागलेत, म्हणाली.

त्यावर मी गप्प बसायला हवं होतं. पण गप्प बसणं हा माझा गुण नव्हेच. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, आईला म्हातारचळ लागलाय. तो कर्तव्य म्हणून हसला. मैत्रिणींना सांगितलं. पुढच्या प्रदर्शनात एका मणीवालीशी हुज्जत झाली तेव्हा तिलाही सांगितलं की असल्या फॅशनीनं भल्याभल्यांची बुद्धी फिरते, घरातलंच उदाहरण आहे. साठ वर्षं जिनं एक सैल गाठ खपवून घेतली नाही ती आता भडक मणी ओवत बसली, याचा मला खरोखर राग होता. तिनं मला फसवल्यासारखं वाटत होतं.

आणि मणी आणायला मलाच जावं लागे. आईची मागणी चमत्कारिक असायची. रंग कुठचेही चालतील, म्हणायची, पण दोन मापांचे आण, बारीक आणि जाड, आणि दुकानात हातावर घेऊन बघ, एका मापाचे सगळे एकसारखे हवेत. मी बाजारात उभी राहून मण्यांची मापं जुळवत बसायची आणि मनात तिला नावं ठेवायची. रंगाचा पत्ता नाही आणि मापाचे नखरे. एकदा वैतागून मी नुसते पांढरे आणले. तर ती पुडी बोटांनी चाचपून म्हणाली, छान आहेत. पांढऱ्यात पांढरे मणी घालून तिनं ते वापरून टाकले, पुढच्या वेळी पुन्हा कुठचेही आण म्हणाली. घरी ती ते मणी तीन वाट्यांत ठेवायची. एकीत बारीक, एकीत जाड, तिसरीत कचरा. दोऱ्याच्या टोकाला डिंक लावून वाळवायची, म्हणजे ते ताठ होऊन मण्यात सुईसारखं जायचं. हे सगळं मी समोर बसून पाहिलं. चहा पीत पाहिलं.

दुसरंही बरंच पाहिलं. मासे घेऊन कोळीण दारात आली की आई बांगड्याचा कल्ला बघायच्या ऐवजी मासाच हातात घेऊन दाबायची, आणि कोळीण करवादायची की सगळी पाटी चिवडू नको. टीव्ही लावला की डोळे मिटून ऐकायची. मी पडवीत शिरले की कोण, म्हणून विचारायची, आणि मी खोकले किंवा बोलले की बाय आली म्हणायची. या सगळ्याला मी एकच नाव ठेवलं होतं, वय झालं. मण्यांकडे मात्र माझं बारीक लक्ष होतं.

गेल्या मे महिन्यात दादा आणि वहिनी आले. आंबे न्यायला म्हणून आले, पण दादानं येतानाच ठरवलं होतं. पहिल्या दिवशी चहाबरोबरच त्यानं सांगितलं की ठाण्यात डोळ्यांच्या मोठ्या डॉक्टरची वेळ घेतलीय आणि आईनं आता महिनाभर तरी यावं. महिनाभर म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना समजत होतं. आई म्हणाली, डोळ्यांना काय झालंय माझ्या. तिथून दोन दिवस त्यानं तिची परीक्षा घेतली. मोठ्या पदावरच्या माणसाची सवय, सरळ विचारायचं नाही. पेपर पुढे करून म्हणाला, ही बातमी वाच. आई म्हणाली, वाचून काय करू, तीच माणसं, टोपी तेवढी बदलतात. मोबाइलवर नातीचा फोटो दाखवला, तर म्हणाली, लांब धर, ऊन पडतंय त्याच्यावर. मग पोरीची इतकी चौकशी केली की फोटो राहूनच गेला. मासे तिनंच साफ केले, वाटण तिनंच केलं, विहिरीवरच्या कपड्यांच्या घड्या तिनंच घातल्या. तिसऱ्या दिवशी दादाच्या तोंडावर दिसत होतं की आपलं काही चालत नाही.

त्या दुपारी आम्ही बैठकीच्या खोलीत बसलो होतो. आई स्वयंपाकघरात आंबे कापत होती. वहिनीनं टेबलावरचा मण्यांचा रुमाल उचलला आणि तिला अगदी भरतं आलं. काय कलर कॉम्बिनेशन आहे, म्हणाली, ठाण्याला आमच्या सोसायटीतल्या बायका वेड्या होतील. वहिनीला टॅटिंग आणि क्रोशा यांतला फरक कळत नाही, हे मी वीस वर्षं बघतेय. पण दादानं तो रुमाल तिच्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला, एकेक मणी बघितला आणि सुस्कारा सोडला. इतके बारीक मणी जी ओवते तिच्या डोळ्यांना काय धाड भरलीय, असं काहीसं तो म्हणाला. डॉक्टरची वेळ रद्द करतो, राहू दे तिला इथंच.

स्वयंपाकघरातला सुरीचा आवाज थांबला होता, तो पुन्हा सुरू झाला. मी तो ऐकला. तिनं सगळं ऐकलंय हेही मला कळलं, आणि मलाही आनंद झाला, हे इथे लिहून ठेवते. आईचं घर आईकडे राहिलं होतं.

तेवढ्यात वहिनी माझ्याकडे वळून म्हणाली, "वन्सं, तुम्ही का नाही असं काही करत? तुमचं काम फारच प्लेन असतं."

ती वाईट हेतूनं बोलली नव्हती. वाईट हेतू असायला जेवढा विचार लागतो तेवढा ती करत नाही. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. चाळीस वर्षांहून जास्त मी हे काम करतेय, आणि ज्या बाईला कडी कशाला म्हणतात ते ठाऊक नाही ती मला मणी शिकवणार. मी दादाच्या हातातून रुमाल ओढून घेतला. आता हिला दाखवतेच, म्हटलं, मण्यांखाली काय काय दडलेलं असतं ते. आईचा रुमाल होता, तरी त्या वेळी तो मला प्रदर्शनातल्या कुठल्याही बाईचा झाला होता. मी तो उलटा केला आणि चूक शोधायला लागले.

चूक सापडेना. एक गाठ सैल नव्हती. एक कडी कमीजास्त नव्हती. मी मोजायला लागले. पाच गाठी, बारीक मणी. पाच गाठी, बारीक मणी. जिथे पुढची कडी जोडायचा कान आहे तिथे जाड मणी. पुढची कडी तशीच. त्याच्या पुढची तशीच. रंग वेडेवाकडे, लालाशेजारी चॉकलेटी, पण माप एकदाही चुकलेलं नाही. आणि जाड मणी बाहेरच्या अंगाला, जिथे शोभेला घालतात तिथे नव्हते. ते आतल्या बाजूला होते, जिथे ते कोणाच्याही डोळ्यांना दिसत नाहीत आणि फक्त बोटाला लागतात. सजावट म्हणून जगातली कुठलीही बाई मणी तिथे घालणार नाही. हातावरच्या फासात तीन मणी घ्यायचे, ते संपले की कडी संपली. जाड मणी लागला की तिथे कान आहे. हे मोजमाप होतं.

मला कळणं आणि मी बोलणं यांच्यात आयुष्यात कधी अंतर पडलेलं नाही. त्या दिवशीही पडलं नाही. मी रुमाल वहिनीच्या नाकासमोर धरला आणि म्हटलं, "हे कॉम्बिनेशन बिम्बिनेशन काही नाही. रंग तिला दिसतच नाहीत. ही मापं आहेत. पाच गाठींवर बारीक, कानाशी जाड. ती बोटांनी मोजून करते सगळं. अशी अक्कल लागते टॅटिंगला."

शेवटचं वाक्य मी विजयानं म्हटलं. ते म्हणून झाल्यावर मला बाकीची वाक्यं ऐकू आली.

आई दारात उभी होती, हातात आंब्याच्या फोडींचं ताट. तिचा चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेनं होता, पण नेमका माझ्याकडे नव्हता, जरासा डावीकडे. इतकी वर्षं तो तसा होता का, मला आठवेना. दादा काही बोलायच्या आत तीच बोलली.

"बरोबर ओळखलंस, बाय," ती म्हणाली. "नीट शिकवलं होतं मी तुला."

तिच्या आवाजात राग नव्हता. माझं तेरावं फूल बघून ती हं म्हणाली होती तेव्हा जो आवाज होता, तोच होता. तिनं ताट टेबलाच्या कडेला हात लावून अंदाज घेऊन ठेवलं आणि दादाला विचारलं, कधी निघायचंय. तिनं शब्द दिला होता आणि ती तो पाळणार होती. एका अक्षरानं तिनं वाद घातला नाही.

वाद मी घातला. मी म्हटलं, ती सगळं करते, तीन दिवस बघितलंस तू, काय अडलं तिचं. मी म्हटलं, मी आहे ना इथे, मी रोज येईन. दादा माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं, मला त्याचा तिरस्कार करता आला असता. तो अगदी हळू म्हणाला, "तू येतच होतीस. तुला कधी कळलं?"

आठवड्याच्या आत ती गेली. ठाण्याच्या डॉक्टरनं सांगितलं की नजरेचा मधला भाग जाऊन दोन-तीन वर्षं झाली असावीत, कडेचं अंधुक दिसतं, आता काही करता येण्यासारखं नाही. मांडवीच्या घराला कुलूप आहे. किल्ली माझ्याकडे असते. आठवड्यातून एकदा मी झाडलोट करून येते आणि कोळीण विचारते, आजी कधी येणार.

ठाण्याला आई टॅटिंग करत नाही. मणी जमिनीवर सांडतात, कोणाचा तरी पाय घसरेल, असं वहिनीचं म्हणणं. शिवाय डोळ्यांना ताण नको, असंही ती म्हणते. जे डोळे गेलेच आहेत त्यांना कसला ताण, हे मी तिला फोनवर विचारलंही. दिवाळीत मी गेले होते. तो रुमाल त्यांनी काचेच्या फ्रेममध्ये घालून दिवाणखान्यात लावलाय. सोसायटीतल्या चार बायका फराळाला आल्या तेव्हा वहिनीनं त्यांना फ्रेमसमोर नेलं. आमच्या आईंना दिसत नाही हं, तरी बघा, म्हणाली. मग फ्रेमच्या काचेवर बोट ठेवून तिनं त्यांना सगळं समजावलं. पाच गाठींवर बारीक मणी, कानाशी जाड, बोटांनी मोजतात त्या. बायकांनी च्च च्च केलं. आई तिथेच खुर्चीत होती, दोन्ही हात मांडीवर ठेवून, आणि सगळं ऐकत होती.

वहिनीनं एकही गोष्ट चुकीची सांगितली नाही. तिला ते सगळं मीच शिकवलं होतं.